कायद्याच्या पदवीपुढे ‘ऑनर्स’ लागलं की नेमकं काय बदलतं?

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचा स्कोअर हातात येतो आणि कॉलेजांचे पसंतीक्रम भरायची वेळ येते. यादीत दोन नावं दिसतात. एक ‘बीए एलएलबी’ आणि दुसरं ‘बीए एलएलबी (ऑनर्स)’. दोन्ही अभ्यासक्रम पाच वर्षांचे आणि दोन्हींच्या शेवटी वकिलीची सनद मिळते. फीमध्ये मात्र मोठी तफावत असते. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत असते, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठात किंवा खासगी विद्यापीठात ती लाखांत जाते.

मग घरात प्रश्न पडतो: कंसातल्या त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजायचे का? ऑनर्स नसेल तर पुढे कुठे अडतं का? आणि ऑनर्स म्हणजे नेमकं काय?

ऑनर्स म्हणजे जास्त मार्क नव्हे

अनेकांना वाटतं की ऑनर्स म्हणजे ‘डिस्टिंक्शन’सारखं काहीतरी, म्हणजे जास्त गुण मिळवणाऱ्याला मिळणारा मान. इंग्लंडमधल्या पद्धतीमुळे हा समज पसरला आहे. तिथे एलएलबी (ऑनर्स) ही नेहमीची तीन वर्षांची पदवी असते आणि गुणांनुसार तिचे ‘फर्स्ट क्लास’, ‘सेकंड क्लास’ असे वर्ग पडतात. स्कॉटलंडमध्ये साधी पदवी तीन वर्षांची, तर ऑनर्स चार वर्षांची असते.

भारतात कायद्याच्या शिक्षणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार ऑनर्सचा संबंध मुख्यतः अभ्यासाच्या व्याप्तीशी आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर ऑनर्स म्हणजे कायद्याचे जास्तीचे पेपर.

किती पेपर वाढतात?

एलएलबीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कायद्याचे २० सक्तीचे पेपर असतात. करार कायदा, संविधान, फौजदारी कायदा, कौटुंबिक कायदा, मालमत्ता कायदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया वगैरे विषय त्यात येतात. त्याशिवाय प्रत्यक्ष कामाशी जोडलेले ४ पेपर असतात: दावे आणि दस्तऐवज लिहिणं, व्यावसायिक नीतिमत्ता, तडजोड आणि लवाद, तसंच मूट कोर्ट व इंटर्नशिप. त्यावर किमान ६ ऐच्छिक पेपर. म्हणजे एकूण ३०.

ऑनर्सच्या विद्यार्थ्याला यावर आणखी ८ पेपर घ्यावे लागतात. म्हणजे कायद्याचे ३८ पेपर. इंग्रजी आणि बीए किंवा बीबीएचे विषय याशिवाय वेगळे.

हे ८ पेपर विशेष अभ्यासाच्या गटांतून निवडायचे असतात. संविधान, व्यापार व कंपनी कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुन्हेशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, बौद्धिक संपदा आणि कृषीविषयक कायदा असे गट नियमांत दिलेले आहेत. शिकवायला प्राध्यापक उपलब्ध नसतील तर विद्यापीठाला मोजकेच गट ठेवता येतात. त्यामुळे माहितीपत्रकात गटांची लांबलचक यादी असली, तरी प्रत्यक्षात वर्गात काय शिकवलं जातं हे वेगळं असू शकतं.

पेपर वाढले की तासही वाढतात. साध्या अभ्यासक्रमाला आठवड्याला किमान ३० तासांचं वर्गकाम असावं असा नियम आहे. ऑनर्ससाठी हे प्रमाण ३६ तासांचं आहे. कॉलेज करत नोकरी करायची असेल तर हा फरक आधीच लक्षात घ्यावा लागतो. त्यात ७० टक्के हजेरीचीही अट असते.

काही विद्यापीठांत ऑनर्ससाठी किमान ग्रेडची अट असते. ती पूर्ण झाली नाही तर विद्यार्थ्याला साधी पदवी मिळते. ही अट आहे का आणि असल्यास कोणती, हे प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्यायला हवं.

चार वर्षांच्या बीए ऑनर्सशी याचा संबंध आहे का?

नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉम, बीएस्सीलाही चौथ्या वर्षी ऑनर्स पदवी मिळू लागली आहे. त्यामुळे गोंधळ वाढला आहे. पण ती पदवी कायद्याची नाही. चार वर्षांचं बीए (ऑनर्स) केलेल्याला वकील व्हायचं असेल तर पुढे तीन वर्षांची एलएलबी करावीच लागते, म्हणजे एकूण सात वर्षं. तीन वर्षांची साधी पदवी आणि मग एलएलबी केली तर सहा वर्षं. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतला तर पाच.

तीन वर्षांच्या एलएलबीलाही काही ठिकाणी ऑनर्स मिळतं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांची एलएलबी (ऑनर्स) सुरू केली आहे. पाच वर्षांच्या बीए एलएलबी (ऑनर्स)चा नमुना देशात रुजवला तोही याच संस्थेने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. नंतरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं त्याच वाटेने गेली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी तीन विद्यापीठं आहेत.

मध्येच सोडलं तर हातात काय राहतं?

प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण त्याचा फटका मोठा बसू शकतो. बीए एलएलबीत दोन पदव्या एकत्र असल्या, तरी त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार मधल्या टप्प्यावर पदवी देऊन बाहेर पडण्याची सोय नाही. तीन वर्षं झाली म्हणून बीएची पदवी घेऊन निघता येत नाही. तसंच बीए झालेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मधल्या वर्षात थेट प्रवेशही मिळत नाही.

म्हणजे घरची परिस्थिती बदलली किंवा तिसऱ्या वर्षी कायद्यात मन लागेनासं झालं, तर ‘बारावी पास’ एवढीच पात्रता उरते. याउलट आधी बीए किंवा बीकॉम करून मग एलएलबी केली तर एक वर्ष जास्त जातं, पण तीन वर्षांनी एक पदवी हातात असते. तिच्या जोरावर स्पर्धा परीक्षा देता येते किंवा नोकरी धरता येते. पैशाची ओढाताण असलेल्या घरांसाठी हे एक वर्ष वाया जात नाही. तो एक प्रकारचा विमाच असतो.

सनद मिळताना ऑनर्सचा फायदा होतो का?

होत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याला मान्यताप्राप्त कायद्याची पदवी लागते. ती ऑनर्स असो वा साधी, दोघांची नोंदणी सारखीच होते. नोंदणी शुल्कही सारखंच. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार राज्य बार कौन्सिलला कायद्यात ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. ही रक्कम खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. तिथेही दोघांना तीच प्रश्नपत्रिका आणि तीच उत्तीर्ण होण्याची मर्यादा.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी ऑनर्सची अट नाही. तिथे दुसरीच अट महत्त्वाची ठरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीशाच्या सुरुवातीच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जातो. म्हणजे पाच वर्षं शिक्षण आणि किमान तीन वर्षं कोर्टात, असा हिशोब धरावा लागतो. महाराष्ट्रात या पदासाठी मराठीचं पुरेसं ज्ञानही लागतं.

एलएलएमला प्रवेश घेतानाही एलएलबीचे गुण पाहिले जातात. पदवी ऑनर्स आहे की नाही, यावर प्रवेश अडत नाही.

मग ऑनर्सचा उपयोग कुठे होतो?

पहिला उपयोग म्हणजे विषयाची खोली. बौद्धिक संपदा किंवा कंपनी कायद्याचे अनेक पेपर केलेला विद्यार्थी त्या विषयाच्या कामात लवकर रुळतो. त्याच विषयात पुढे एलएलएम किंवा संशोधन करायचं असेल तर त्याचा पाया तयार असतो.

दुसरा उपयोग कंपन्यांच्या विधी विभागात आणि मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी मिळवताना होतो. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मोठ्या फर्म कॅम्पसवर येतात त्या मुख्यतः नावाजलेल्या विद्यापीठांत, आणि त्या विद्यापीठांच्या पदव्या ऑनर्स असतात. नोकरी मिळते ती विद्यापीठाच्या नावामुळे, इंटर्नशिपमुळे, लेखनामुळे आणि गुणांमुळे. श्रेय मात्र ‘ऑनर्स’ या शब्दाला दिलं जातं. फारसं कोणाला माहीत नसलेल्या संस्थेने तोच शब्द पदवीपुढे लावला, म्हणून त्या फर्म तिथे येत नाहीत.

प्रवेशाच्या दोन वाटा आणि भाषेचा प्रश्न

बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतो. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो आणि परीक्षा फक्त इंग्रजीत असते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी आहे. राज्यातल्या इतर कॉलेजांसाठी एमएच सीईटी लॉ असते. ती मराठीतही देता येते आणि तिथे गुण वजा होत नाहीत.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला भाषेचा हा फरक पहिल्याच वर्षी जाणवतो. निकालपत्रं, पुस्तकं, मूट कोर्ट असं सगळं इंग्रजीत असतं. पण त्याच वेळी महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं रोजचं कामकाज मोठ्या प्रमाणात मराठीत चालतं. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, पंचनामा वाचता येणं आणि नेमक्या मराठीत कैफियत लिहिता येणं, हे तिथे इंग्रजी निबंधापेक्षा जास्त कामाला येतं. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीशिवाय चालत नाही. त्यामुळे आपल्याला कुठे काम करायचं आहे, हे आधी ठरवलं तर कॉलेज निवडणं सोपं जातं.

पैशाचा हिशोब कसा करावा?

फी, वसतिगृह, पुस्तकं आणि इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात राहण्याचा खर्च, हे सगळं पाच वर्षांसाठी जोडून पाहायला हवं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची असते आणि ती बहुतेक वेळा बिनपगारी असते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यामुळे मोठ्या भावंडांची दंड संहितेवरची जुनी पुस्तकं या विषयांना पुरेशी पडत नाहीत.

त्यानंतर सनद मिळाल्यावरची पहिली वर्षं येतात. ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन द्यावं, असं बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाचा हप्ता याच काळात सुरू होणार असेल, तर वकिली करायची इच्छा असूनही नोकरी धरावी लागते. साध्या पदवीसाठी कमी कर्ज काढलेला विद्यार्थी कोर्टात तग धरू शकतो, तर महागड्या ऑनर्ससाठी कर्ज काढलेल्याला ते जमत नाही, असंही होऊ शकतं.

प्रवेशाआधी काय तपासावं?

- कॉलेजला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे?
- ऑनर्सचे कोणते गट प्रत्यक्षात शिकवले जातात? त्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का?
- ऑनर्ससाठी किमान ग्रेडची अट आहे का?
- एकूण पाच वर्षांचा खर्च किती? फी दरवर्षी वाढते का? शुल्क सवलत किंवा शिष्यवृत्ती लागू होते का?
- मागच्या तीन-चार वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करत आहेत? शक्य असेल तर त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलावं.

या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील तर ऑनर्सचे जास्तीचे ८ पेपर विद्यार्थ्याला नक्कीच काहीतरी देऊन जातात. उत्तरं गोलमोल असतील तर तो शब्द फक्त प्रमाणपत्रावर राहतो. न्यायाधीशासमोर उभं राहिल्यावर पदवी ऑनर्सची आहे का, हे कोणी विचारत नाही. तिथे फाइल किती वाचली आहे, एवढंच दिसतं.