टेम्पो, छोटा हत्ती आणि ट्रक : मोटारीवर बेतलेल्या मालवाहू गाडीचा वर्गविचार

मोटारीच्या सांगाड्यावर पाठीमागे उघडा हौदा बसवून तयार केलेली हलकी मालवाहू गाडी अमेरिकेच्या बाजारात टिकून राहील काय, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा किंवा व्यापाराचा आहे. तथापि त्याचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, या गाडीचे भवितव्य पुष्कळदा तिच्या यंत्रापेक्षा तिच्या वर्गीकरणाने ठरले आहे. ती मोटार की ट्रक, या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर दिले, कारखानदाराने दुसरे दिले आणि ग्राहकाने तिसरेच दिले. म्हणूनच हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात वसई-विरार परिसरातील हलक्या मालवाहतुकीचे उदाहरण समोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतून, केळी, भाजीपाला, फुले आणि विड्याची पाने यांची बागायत पूर्वापार चालत आली आहे. रस्ते अरुंद, माल नाशवंत, आणि एका वाडीतून एका वेळी निघणारा माल थोडा. पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांची दाटी आहे; तेथून निघणारा मालही पुष्कळदा एक मोठा ट्रक भरेल इतका नसतो. लोहमार्ग नायगावहून खाडी ओलांडून थेट भाईंदरला जातो; रस्त्याने जाणाऱ्यास मात्र पूर्वेकडील राष्ट्रीय महामार्ग गाठून घोडबंदरनजीकच्या पुलाचा वळसा घ्यावा लागतो. वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली ती २०२४ मध्ये. अशा परिस्थितीत डोक्यावरची टोपली लोकलच्या मालडब्यात चढविणे हे एक टोक आणि सबंध ट्रक भाड्याने घेणे हे दुसरे टोक. या दोहोंच्या मध्ये एक जागा रिकामी होती. ती ज्या गाडीने भरून काढली तिला मराठीत 'टेम्पो' म्हणतात.

या शब्दाचा प्रवास उद्‌बोधक आहे. 'टेम्पो' हा मूळचा इटालियन शब्द; काल, लय, गती असे त्याचे अर्थ. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील 'विडाल आणि पुत्र' या कारखान्याने तो आपल्या लहान मालवाहू गाड्यांना दिला. १९५८ मध्ये त्या कारखान्याच्या सहकार्याने मुंबईत गोरेगाव येथे बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि 'हान्सिआट' नावाची तीनचाकी गाडी तयार होऊ लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि 'मॅटाडोर' ही चारचाकी गाडी आली. मराठी भाषकाने 'हान्सिआट' हे नाव कधी उच्चारलेच नाही. त्याने कारखान्याचे नाव उचलले आणि ते गाडीच्या सबंध जातीला लावून टाकले. टेम्पो आला, टेम्पोत माल भरला, टेम्पोवाल्याने भाडे सांगितले, अशी विभक्तिप्रत्ययांसह आणि साधित शब्दांसह त्याची मराठीत पूर्ण प्रतिष्ठापना झाली. ट्रकप्रमाणे तो पुल्लिंगी ठरला. घरची गाडी मात्र स्त्रीलिंगी राहिली. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून 'फोर्स मोटर्स' असे केले. नावाच्या मालकाने नाव टाकले. भाषेने ते ठेवून घेतले.

त्याच वर्षी, २००५ मध्ये, टाटा मोटर्सने 'एस' ही गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाची कुळकथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९९८ साली आलेल्या 'इंडिका' या मोटारीचे डिझेल इंजिन चार सिलिंडरांचे आणि सुमारे १४०० घन सेंटिमीटरचे होते. त्याचे जणू अर्धुक करून दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० घन सेंटिमीटरचे आणि १६ अश्वशक्तीचे इंजिन तयार करण्यात आले व ते पाऊण टन माल वाहणाऱ्या गाडीत बसविले गेले. २०१६ मध्ये मारुती सुझुकीने 'सुपर कॅरी' आणली, तिच्यातील डिझेल इंजिनही कंपनीच्या 'सेलेरिओ' मोटारीत आधी वापरले गेलेले होते. म्हणजे मोटारीचे अंग घेऊन मालवाहू गाडी बनविण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला आणि तो कमालीचा यशस्वी ठरला. 'एस' हे नावही लोकांनी फारसे चालविले नाही. तिला 'छोटा हत्ती' म्हटले. ट्रकच्या माल भरावयाच्या भागाला मराठीत 'हौदा' म्हणतात, आणि हा शब्द मूळचा हत्तीच्या पाठीवरील बैठकीचा. तेव्हा हौदा आधीच होता. हत्ती मागाहून आला, एवढेच.

या दोन्ही नावांत एक गोष्ट समान आहे. सांगाडा एकसंध आहे की शिडीवजा चासीवर उभा आहे, इंजिन मोटारीचे आहे की ट्रकचे, याची दखल त्यांपैकी कोणतेही नाव घेत नाही. नाव कामावरून पडले आहे. कारण वसईच्या बागायतदाराच्या व्यवहारात घरची गाडी आणि मालाची गाडी हे दोन निराळे हिशोब आहेत. मालाची गाडी बहुधा भाड्याची असते. तिचा मालक हाच पुष्कळदा तिचा चालक असतो. आणि तिने प्रत्येक खेपेला आपला खर्च भरून काढावयाचा असतो. एकाच गाडीने दोन्ही कामे करावीत, अशी अपेक्षा तेथे नाही.

मात्र भाषेने सहज सोडविलेली गाठ कायद्यात घट्ट बसू शकते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात 'हलके मोटार वाहन' याची व्याख्या कलम २(२१) मध्ये आहे, आणि ७५०० किलोग्रॅमच्या मर्यादेतील परिवहन वाहनाचा तीत स्पष्ट समावेश आहे. उलट, परवान्यांचे प्रकार सांगणाऱ्या कलम १० मध्ये 'हलके मोटार वाहन' आणि 'परिवहन वाहन' हे दोन वेगळे प्रकार म्हणून येतात. हे वर्ग परस्परांना वगळणारे, की एकमेकांवर पसरलेले? व्याख्येतील या फटीचा परिणाम केवळ शाब्दिक नव्हता. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर टेम्पो चालविणाऱ्याच्या हातून अपघात झाला, तर परवाना योग्य वर्गाचा नव्हता, असे सांगून विमा कंपन्या भरपाईची जबाबदारी नाकारीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चालकांच्या बाजूचा अर्थ लावला. त्यावर शंका घेतली गेली. आणि अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच अर्थ कायम केला. ७५०० किलोग्रॅमच्या आतील मालवाहू गाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे. एका व्याख्येच्या अर्थावर टेम्पोचालकाची रोजी आणि अपघातग्रस्ताची भरपाई अवलंबून होती.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे मोटारीवर बेतलेली मालवाहू गाडी नवी नाही. फोर्डची 'रँचेरो' १९५७ पासून १९७९ पर्यंत चालली. शेव्रोलेची 'एल कॅमिनो' १९५९ मध्ये आली, मध्ये खंडित झाली, १९६४ मध्ये परतली आणि १९८७ मध्ये थांबली. या गाड्या मोठ्या अमेरिकन मोटारींवर आधारलेल्या होत्या. मोटारी आखूड व हलक्या होऊ लागल्या तसा त्यांचा आधारच खचला. दुसरीकडे १९८० नंतर शेव्रोले आणि फोर्ड यांनी स्वतंत्र चासीवरचे छोटे ट्रक आणले. एल कॅमिनोची जागा या ट्रकांनी घेतली. डॉजची 'रॅम्पेज' आणि फोक्सवॅगनच्या 'रॅबिट' मोटारीवरील गाडी याच काळात येऊन लवकरच गेल्या. पुढे सुबारूची 'बाहा' २००३ ते २००६ अशी चारच वर्षे टिकली.

बाहेरून येणाऱ्या गाड्यांची अडचण निराळी होती. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, त्याला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ च्या जानेवारीपासून काही मालांवर २५ टक्के कर बसविला. त्यांत बटाट्याचे स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांचा समावेश होता. पहिले तीन पुढे सुटले. ट्रक सुटला नाही. प्रवासी मोटारीवरचा कर मात्र पुष्कळ काळ अवघा २.५ टक्के होता. 'ट्रक' या एका शब्दाची किंमत अशा रीतीने दहापट झाली. साहजिकच शब्द चुकविण्याचे उपाय निघाले. १९७८ पासून अमेरिकेत आलेल्या सुबारूच्या 'ब्रॅट' गाडीच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून बसावयाच्या दोन खुर्च्या बसविलेल्या असत. त्यांच्या बळावर ती प्रवासी मोटार ठरे. फोर्डने तुर्कस्तानातून आणलेल्या 'ट्रान्झिट कनेक्ट' गाड्यांत मागची आसने असत आणि जकातीतून सुटल्यावर ती काढली जात. हा वाद न्यायालयांत गेला. २०१९ मध्ये निकाल फोर्डविरुद्ध लागला आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर देऊन तो मिटविला.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या दोहोंच्या मध्ये बसतो. रविवारी चर्चला जाण्यास आणि सोमवारी डुकरे बाजारात नेण्यास एकच गाडी असावी, अशी मागणी एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्डला पत्राने केली, अशी हकीकत तेथे सांगतात. लू बँट या तरुण आरेखकाने तशी गाडी आखली आणि १९३४ मध्ये ती तयार होऊ लागली. तिला 'यूट' असे स्वतंत्र नाव मिळाले. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यालाही रविवार आणि सोमवार दोन्ही आहेत. पण त्याच्याकडे रविवारसाठी दुचाकी आणि सोमवारसाठी भाड्याचा टेम्पो असू शकतो. ऑस्ट्रेलियात अंतरे मोठी आणि भाड्याची गाडी हाताशी नाही, म्हणून दोन्ही दिवस एकाच गाडीवर आले. ऑस्ट्रेलियातील फोर्ड व होल्डन यांचे मोटारनिर्मितीचे कारखाने बंद होत असताना, फाल्कन यूट २०१६ मध्ये आणि होल्डनची यूट २०१७ मध्ये थांबली. शब्द मात्र उरला; आता तो चासीवरच्या आयात ट्रकांना लावतात. टेम्पोचीच ही कथा.

अमेरिकेतील ताज्या प्रयत्नाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २०२१ मध्ये तेथे दोन गाड्या आल्या. दोन्ही मोटारीसारख्या एकसंध सांगाड्याच्या, दोन्ही चार दरवाजांच्या. फोर्डने आपल्या 'मॅव्हरिक'ला साधेपणाने ट्रक म्हटले, मूळ किंमत २० हजार डॉलरच्या आत ठेवली आणि विजेची जोड असलेले, कमी इंधन खाणारे इंजिन मूळ किमतीतच दिले. ह्युंदाईने 'सांता क्रूझ'ला ट्रक म्हणण्याचे टाळून 'स्पोर्ट ॲडव्हेंचर व्हेईकल' असा नवा वर्ग कल्पिला. २०२४ मध्ये मॅव्हरिकची विक्री सव्वा लाखावर गेली. सांता क्रूझची बत्तीस हजारांच्या आसपास राहिली. हा फरक केवळ नावाचा, असे म्हणणे धाडसाचे होईल. किंमत आणि इंजिन यांचा वाटा त्यांत निश्चित आहे. तथापि ग्राहकाच्या मनात आधीपासून असलेल्या वर्गात शिरणे हे नवा वर्ग पटवून देण्यापेक्षा सोपे असते, एवढे अनुमान काढावयास हरकत नाही.

मॅव्हरिकच्या यशाचे खरे कारण वसईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. छोटे ट्रक हळूहळू मोठे व महाग झाले. फोर्डने आपला छोटा 'रेंजर' अमेरिकेत २०११ मध्ये थांबविला आणि २०१९ मध्ये तो आणला तेव्हा तो आकाराने वाढला होता. साधी मोटार आणि भला थोरला ट्रक यांच्या मधली जागा पुन्हा रिकामी झाली. ती पूर्वी रँचेरो, एल कॅमिनो यांनी आणि त्यांच्यानंतर छोट्या ट्रकांनी भरली होती.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. पण तीन अटींवर. गाडी खरोखरीच लहान आणि स्वस्त राहिली पाहिजे; ती बाहेर बनणार असेल तर जकातीच्या वर्गातून तिला वाट मिळाली पाहिजे; आणि जिच्यावर ती बेतली ती मोटार जिवंत राहिली पाहिजे. यांतील दुसरी अट आज सर्वांत नाजूक आहे. मॅव्हरिक मेक्सिकोत बनते, व्यापारकरारामुळे ती २५ टक्क्यांच्या करातून सुटली होती. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवरही जादा कर बसविल्यापासून त्या सवलतीचे पूर्वीचे मोल राहिलेले नाही.

टेक्सासमधील सॅम्युएल मॅव्हरिक या जमीनदाराने आपल्या वासरांना डाग दिला नाही, म्हणून कोणत्याही कळपाची खूण नसलेल्या जनावराला इंग्रजीत 'मॅव्हरिक' म्हणू लागले. ज्या गाडीवर मोटारीचा वा ट्रकचा डाग नीट उमटत नाही, तिला हे नाव शोभते. फक्त जकातनाक्यावर बिनडागाचे जनावर पुढे जाऊ देत नाहीत.