कातळावरचे हत्ती, मांजरेतले हत्ती

१९९३ साली गोव्यात कुशावती नदीकाठी, पणसाईमळच्या जांभ्यावर कोरलेले बैल आणि हरणे अभ्यासकांपुढे आली, तीही गावकऱ्यांनी वाट दाखवली म्हणून. तेव्हापासून कोकणपट्टीत कातळशिल्पांचा जो शोध झाला, त्यातून नांदेड-लातूरकरांनीही घेण्यासारखे बरेच आहे.

रत्नागिरीत २०१२पासून सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, पायाखाली घातली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पुजाऱ्यांना, शाळकरी मुलांना विचारत माग काढला. बहुतेक चित्रे मातीखाली गेली होती; उघड्यावरच्या काहींची गावे पूजा करत होती. २०१८पर्यंत चारशेहून अधिक आकृत्या नोंदल्या गेल्या. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. २०२२मध्ये कोकण-गोव्यातील नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. पुढच्याच वर्षी त्यांतले बारसू तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे गाजले.

ही चित्रे कोणी आणि नेमकी कधी कोरली, हे मात्र अजून ठरलेले नाही. खडकावरच्या रेघेचे वय मोजणे फार अवघड. मध्याश्मयुगापर्यंतचे अंदाज बांधले जातात ते भोवतालची दगडी हत्यारे आणि चित्रांतले प्राणी पाहून. रत्नागिरीच्या चित्रांत शेतीची दृश्ये नाहीत. गेंडा आणि पाणघोडा मात्र ओळखले गेले आहेत.

पाणघोडा कोकणातल्या या चित्रांत कुठून आला, याचे उत्तर लातूरजवळ मिळते. मांजरा नदीच्या खोऱ्यातल्या गाळथरांत हत्तीचे आणि पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत. डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनी त्यांचा अभ्यास केला. म्हणजे हे प्राणी दख्खनमध्ये खरोखर वावरत होते. पण त्यावरून कोकणातल्या चित्रांचे वय ठरत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडचा खडक मुख्यतः काळा बेसाल्ट. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि गोलाकार धोंडे उरतात. किनवट-माहूरच्या रानात अशा धोंड्यात कुणाला कासव दिसेल, कुणाला हत्ती. नुसता आकार हा पुरावा नव्हे. छिन्नीच्या किंवा ठोकल्याच्या खुणा, जवळपासची हत्यारे, दगडांची मुद्दाम केलेली मांडणी यांपैकी काही असेल तरच माणसाचा हात मानावा. आणि त्या रानात राहणाऱ्या गोंड, कोलाम, आंध मंडळींना तो दगड देव आहे का, हे आधी विचारावे.

तेव्हा असा दगड दिसला तर हलवू नका, खरवडू नका, खडूने रेघा ओढू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो घ्या, जागा नोंदवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला कळवा. जागचा हललेला दगड निम्मा पुरावा गमावून बसतो.