विजेची एकचाकी : डोंगरवाटेसाठी निवडताना



एके काळी आपल्या पॉटलकला "टोयोटा घ्यावी की होंडा" यावर तासभर खल चालायचा. आता मुले मोठी होऊन कमावू लागली आहेत आणि त्यांचे प्रश्न निराळे आहेत. अलीकडे तीन-चार घरांतून एकच विचारणा झाली. "मुलगा (एका घरी मुलगी) इलेक्ट्रिक युनिसायकल घ्यायची म्हणतोय. रस्त्यावर नाही, डोंगरात चालवायची आहे. हजारो डॉलरचे हे एक चाक आहे तरी काय? आणि घ्यायचेच, तर कोणते?" फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे, म्हणून हा लेख. ज्यांना स्वतःलाच हौस आहे अशा चाळिशी-पन्नाशीतल्या तरुणांनीही वाचायला हरकत नाही!

हे यंत्र चालते कसे?

सर्कशीतल्या एकचाकी सायकलीशी हिचे नाते फक्त चाकापुरते आहे. हिला साखळी नाही, हँडल नाही. मोटर चाकाच्या आतच असते. दोन बाजूंना पाय ठेवायला पेडल आणि वरच्या पेटीत बॅटरी व कंट्रोलर. यंत्र पुढे-मागे किती कलले आहे हे आतले सेन्सर क्षणोक्षणी मोजतात. आपण पुढे झुकलो की चाक पुढे धावून आपल्या खाली येते, मागे झुकलो की वेग कमी होतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल मात्र सायकलीसारखा आपणच सांभाळायचा.

अमेरिकेत शेन चेन या संशोधकाने २०११ च्या सुमारास 'सोलोव्हील' या नावाने अशी एकचाकी बाजारात आणली. पुढे चिनी कंपन्यांनी तिला खूपच मोठे केले. २०२० साली किंगसाँगची एस-१८ आणि इनमोशनची व्ही-११ या सस्पेन्शन असलेल्या एकचाक्या आल्या आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर जाणाऱ्यांची संख्या वाढली.

मुख्य मुद्दा : शिल्लक जोर

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे : जी मोटर आपल्याला पुढे नेते, तीच आपल्याला उभे ठेवते. मोटारीचे इंजिन चढावर दमले तर मोटार हळू होते, बिघडून काही होत नाही. एकचाकीची मोटर दमली तर पुढे झुकलेल्या माणसाच्या खाली येण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. पेडल पुढून खाली जाते आणि माणूस तोंडावर आपटतो. चालवणारे याला 'कटआउट' म्हणतात. वेगळा ब्रेकही नसतो, थांबवण्याचे कामही मोटरच करते.

म्हणून जाहिरातीतला 'ताशी ५० मैल' हा आकडा डोंगरासाठी बिनकामाचा आहे. दगडांच्या वाटेवर आपण ताशी १०-१५ मैलांनी जाणार. तिथे लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. समोर अचानक मूळ आले, खड्डा आला, पायरी आली की क्षणार्धात जास्तीचा जोर हवा. तो शिल्लक असला तर धक्का बसून पुढे जाल, नसला तर पडाल. काही कंपन्या एकच मॉडेल 'हाय स्पीड' आणि 'हाय टॉर्क' अशा दोन मोटरींत देतात. डोंगरासाठी निःसंकोच 'हाय टॉर्क' मागावी.

चांगली एकचाकी मर्यादा जवळ आली की बीप वाजवते आणि पेडलची पुढची बाजू वर उचलून आपल्याला मागे ढकलते. ही सूचना म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे समजावे. कटकट वाटली तरी ऐकावे. सेटिंग बदलून ती बंद करणारे महाभाग आहेत, त्यांचे अनुकरण करू नये.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीची क्षमता वॉट-तासांत आणि दाब व्होल्टमध्ये सांगतात. दोन्ही महत्त्वाचे. १३४ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच १३४ असते, उतरत आली की १०५-११० वर येते. दाब उतरला की शिल्लक जोरही उतरतो. सकाळी जो चढ सहज चढलात, तोच दुपारी २० टक्के बॅटरीवर धोक्याचा होऊ शकतो.

अंतराचाही साधा हिशेब करता येतो. १८० पौंडांचा माणूस आणि ८८ पौंडांची एकचाकी १००० फूट वर चढवायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १०० वॉट-तास खर्च होतात. मोटरची उष्णता आणि मऊ मातीतले घर्षण यांचा खर्च त्याहून वेगळा. त्यामुळे कंपनीने सांगितलेले मैल सपाट रस्त्याचे समजावेत आणि डोंगरात निम्मेच धरावेत. माझ्या मते डोंगरासाठी २००० वॉट-तासांच्या खाली जाऊ नये.

एक उलटी गोष्टही सांगतो. उतारावर मोटर जनरेटर होऊन बॅटरीत वीज परत भरते. बॅटरी आधीच १०० टक्के भरलेली असेल तर ही वीज जाणार कुठे? तेव्हा सुरुवातच मोठ्या उताराने होणार असेल तर बॅटरी ८०-९० टक्केच भरून निघावे.

चाक, टायर, सस्पेन्शन

चाक मोठे (२० इंच) असले की खड्ड्या-दगडांवरून सहज जाते. लहान (१६ इंच) असले की अरुंद वळणावर चपळ असते, आणि मोटर तेवढीच असेल तर जमिनीवर जोर जास्त लागतो. इनमोशनची व्ही-१४ (१६ इंच, १३४ व्होल्ट, २४०० वॉट-तास) पहिल्या जातीची म्हणजे चपळ. किंगसाँगची एस-२२ (२० इंच, १२६ व्होल्ट, २२२० वॉट-तास) आणि व्हेटरनची लिंक्स (२० इंच, १५१ व्होल्ट, २७०० वॉट-तास) दुसऱ्या जातीच्या. झाडीतल्या नागमोडी वाटांना पहिली, उघड्या खडकाळ रस्त्यांना दुसरी.

टायर गाठींचा घ्यावा. गुळगुळीत टायर ओल्या गवतावर घसरतो. हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, पण फार कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते.

सस्पेन्शनची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडतात, किंवा हवेचे असेल तर तसा दाब भरतात. डॉक्टरला आणि स्प्रिंग विकणाऱ्याला वजन खरे सांगावे. पेडल जमिनीपासून उंच आणि खरखरीत, टोचऱ्या खिळ्यांचे हवे. नाहीतर उडीत पाय सुटतो. पोटरीला टेकणारे पॅडही आवश्यक, चढावर जोर त्यांवर देता येतो.

उचलणार कोण?

या वर्गातल्या एकचाक्या ७७ ते ८८ पौंडांच्या, काही त्याहून जड. इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडांच्या बासमतीच्या चार पिशव्या एकदम उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल. वाटेत बॅटरी संपली, काटा रुतला, तर हे धूड चढावरून आपणच ढकलत आणायचे आहे. दुकानात जाऊन ती स्वतः मोटारीच्या डिकीत ठेवता येते का ते पाहावे. येत नसेल तर ती आपल्यासाठी नाही, मग तिची ताकद कितीही असो.

शिकायला मात्र अशी जड कधीच नको. तीस-चाळीस पौंडांची जुनी, लहान एकचाकी घ्यावी आणि रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये रोज अर्धा तास सराव करावा. रस्त्यावर दोन-तीनशे मैल झाल्यावर मातीकडे वळावे.

न्यायची कुठे?

खरेदीआधी हे ठरवा. इथे पुष्कळांची निराशा होते. मिशन पीक घराजवळ आहे म्हणून तिथे नेता येत नाही, कारण पार्कच्या पायवाटांवर मोटर असलेल्या वाहनाला बंदी असते. ई-बाईकला परवानगी असली तरी ती एकचाकीला लागू होत नाही. नॅशनल फॉरेस्टचा 'मोटर व्हेईकल यूज मॅप' मिळतो. मोटरवाहनांना खुल्या वाटा त्यावर दाखवलेल्या असतात, त्याच धराव्यात. 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या भागात तर १९६४ च्या कायद्याने साधी सायकलही चालत नाही. बाकी ठिकाणी रेंजरला आधी विचारावे. घोडेस्वार आणि पायी चालणारे दिसले की उतरून वाट द्यावी. एकाच्या उद्धटपणामुळे सर्वांना वाट बंद होते.

घरच्यांसाठी

२००० वॉट-तासांची बॅटरी म्हणजे लॅपटॉपच्या तीस-चाळीस बॅटऱ्या एका पेटीत. आदळल्यावर किंवा पाणी शिरल्यावर तिला आग लागू शकते आणि ती विझवणे कठीण असते. म्हणून चार्जिंग झोपायच्या खोलीत किंवा घराबाहेर पडायच्या दाराशी करू नये. कंपनीचाच चार्जर वापरावा, रात्रभर लावून झोपू नये, गॅरेजमध्ये उष्णतेचा किंवा धुराचा अलार्म असावा. घेताना यूएल २२७२ हे विद्युत-सुरक्षेचे प्रमाणपत्र आहे का ते विचारावे. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून असे प्रमाणपत्र नसलेली विजेवर चालणारी छोटी वाहने विकायला बंदी आहे.

"सुट्टीत पुण्याला नेऊ, भावंडे खूश होतील" हा विचार मनात आणू नका. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची अशी बॅटरी नेता येत नाही, ना बॅगेत ना हातात.

आणि पैशाचे. चांगल्या एकचाकीला साधारण दोन हजारांपासून चार हजारांच्या पुढेही डॉलर पडतात. मुलाने तीन हजार ठरवले असतील तर त्यातले पाचशे आधी बाजूला काढायला सांगा. हनुवटी झाकणारे, डाउनहिल सायकलिंगचे हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याची कवचे, घोट्यावर येणारे बूट. उरलेल्या पैशांत जी एकचाकी बसेल ती घ्यावी. पडणे या छंदात ठरलेलेच आहे, कसे पडायचे एवढेच आपल्या हाती.

थोडक्यात सांगायचे तर मुलांना "नको" म्हणण्याऐवजी चार प्रश्न विचारा : चढावर जोर किती शिल्लक राहतो? तुला एकट्याला उचलते का? कोणत्या वाटेवर नेणार? चार्ज कुठे करणार? चारही उत्तरे नीट आली तर खुशाल घेऊ द्या. डोंगराची ओढ आपल्याकडूनच त्यांच्यात आली आहे. आपण सिंहगड पायी चढलो, ती चाकावर चढतील इतकेच.