शंट बसविलेले बालक : पुन्हा शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

पातूरसारख्या तालुक्यातील खेड्यात बाळाच्या टाळूवर रोज तेल घालणारी आजी असते. टाळू फुगीर लागते, डोके अंगाच्या मानाने वाढते आहे, हे बहुधा तिलाच आधी जाणवते. या विकारास जलशीर्ष म्हणतात. मेंदूच्या पोकळ्यांत सतत पाझरणाऱ्या द्रवाचा निचरा अडला की तो साठतो आणि कोवळ्या मेंदूवर दाब पडतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून निघालेली बारीक नळी त्वचेखालून पोटात सोडतात; मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते. अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्र-कारागिराने आपल्या जलशीर्षग्रस्त मुलासाठी १९५६ साली अशी झडप तयार केली आणि या उपचाराला स्थैर्य आले.

तथापि शंट बसला म्हणजे काम संपले, असा समज घातक आहे. लहान मुलांतील सुमारे ४० टक्के शंट पहिल्या एक-दोन वर्षांतच बिघडतात. नळी तुंबली असेल तर शल्यचिकित्सक ती कोठे अडली हे पाहून तेवढाच भाग, म्हणजे वरचे टोक, झडप किंवा पोटातील टोक, बदलतात. जंतुसंसर्ग झाल्यास मात्र एवढ्याने भागत नाही. बहुधा संपूर्ण शंट काढून द्रव काही दिवस बाहेरील पिशवीत काढला जातो, प्रतिजैविके दिली जातात आणि द्रव निर्जंतुक झाल्यावरच नवा शंट बसवितात. दोन शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील दीर्घ मुक्काम! मजुरी बुडणाऱ्या कुटुंबाला हे आधी समजावून सांगितले नाही, तर उपचार अर्धवट सुटण्याचा धोका असतो. पोटात द्रव जिरत नसल्यास नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडता येते. निचरा अतिरिक्त होत असल्यास अधिक दाबाची झडप घालतात.

काही बालकांत दुर्बिणीद्वारे मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाशी छिद्र पाडून नळीविना वाट करून देता येते. सहा महिन्यांखालील अर्भकांत केवळ या छिद्राने यश कमी मिळते. त्यास द्रव पाझरणाऱ्या ऊतींच्या दहनाची जोड देण्याची पद्धत युगांडात रूढ झाली. तेथील १०० अर्भकांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरच्या बौद्धिक विकासात ही पद्धत व शंट यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. पण बिघडलेला शंट पथकाची वाट पाहत नाही. वारंवार उलटी, सुस्ती, खाली वळलेली नजर, फुगलेली टाळू, झटके, नळीच्या मार्गावर सूज किंवा ताप दिसताच बालकास त्याच दिवशी मेंदूशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. ताप उतरेल म्हणून दोन दिवस थांबू नये. सरपंचांनी वाहनाची तजवीज करावी, अंगणवाडी सेविकेने डोक्याच्या घेराची नोंद सोबत द्यावी आणि शंट केव्हा व कोठे बसविला, याचे कागद पालकांनी हाताशी ठेवावेत.