रात्रपाळीचा पगार कोण देणार?

उघड्यावरची माणसं : लेखांक ९

गेल्या आठवड्यात भिक्षा प्रतिबंध कायद्यावर लिहिण्याचा शब्द दिला होता. १९५९ चा तो कायदा आणखी एक आठवडा थांबेल. मिरजेच्या एका वाचकानं विचारलेला प्रश्न मात्र थांबवून ठेवण्यासारखा नाही. ते विचारतात, ‘निकष समजले, न्यायालयाचे आदेशही समजले, पण निवारा केंद्राचा महिन्याचा खर्च नेमका कोण करतं आणि उद्या त्यानं हात आखडता घेतला तर काय?’ आजचा सगळा लेखांक या प्रश्नासाठी. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. बेघरांचा निवारा हा योजनेचा खर्च नाही, तो शहराचा खर्च आहे. रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल जसं दरवर्षी न चुकता अंदाजपत्रकात धरलं जातं, तसाच निवाऱ्याचा खर्च सातारा नगरपरिषदेनं आणि सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातून, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली धरला पाहिजे. केंद्राचा किंवा राज्याचा पैसा आला तर उत्तमच. पण तो आला नाही म्हणून निवारा केंद्राच्या दाराला कुलूप लागेल, अशी व्यवस्था असता कामा नये.

बेघरांच्या निवाऱ्याची तरतूद असलेलं केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सप्टेंबर २०१३ मध्ये आलं, हे नियमित वाचकांना आठवत असेल. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय आणि माणशी निदान ५० चौरस फूट जागा, हा त्यातला निकष. आज पाहायचं आहे ते त्याच मार्गदर्शक सूचनांमधलं पैशाचं कलम. पन्नास माणसांच्या केंद्रासाठी देखभाल आणि व्यवस्थापनाचा खर्च वर्षाला ६ लाख रुपये धरला गेला आणि तो पाच वर्षं देऊ केला गेला. पुढचा भार स्थानिक संस्थेनं आपल्या उत्पन्नातून उचलायचा. हा आकडा जरा जवळून पाहू. वर्षाला ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. केंद्र चोवीस तास उघडं ठेवायचं तर एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांना तीन काळजीवाहक, अशी चार माणसं तरी लागतात. सगळी रक्कम त्यांच्यात वाटली तरी प्रत्येकाच्या हाती साडेबारा हजार पडतात आणि वीजबिल, पाणी, फिनेल, साबण, चादरी धुण्याचा खर्च, गळका नळ, रात्री अचानक लागणारी रिक्षा यांसाठी एक रुपया उरत नाही. दुसऱ्या बाजूनं भागाकार केला तर माणशी रोजचे ३३ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. हा दर २०१३ चा. तेव्हाच तो ओढाताणीचा होता, त्यानंतर महागाई कुठे गेली ते सांगायला नको.

आता हा पैसा अंदाजपत्रकात कसा बसतो ते पाहा, कारण दुखणं तिथेच आहे. कुठल्याही पालिकेच्या अंदाजपत्रकाला दोन अंगं असतात, भांडवली आणि महसुली. इमारत बांधणं, जुनी शाळा दुरुस्त करून तिथे निवारा करणं हे भांडवली काम. त्याला निविदा असते, उद्‌घाटन असतं, कोनशिला असते आणि निधीही तुलनेनं लवकर मिळतो. काळजीवाहकाचा पगार हा महसुली खर्च. तो दर महिन्याला येतो आणि दिसत कुठेच नाही. त्यातही निवाऱ्याची रक्कम बहुतेकदा शासकीय अनुदान म्हणून जमेच्या बाजूला येते आणि तेवढीच खर्चाच्या बाजूला दाखवली जाते. जमेचा आकडा शून्य झाला की खर्चाचाही शून्य होतो. कोणी ठराव करून केंद्र बंद करत नाही. फक्त देयकं थकत जातात. ‘वित्त आयोगाच्या पैशातून भागवा’ असं सुचवणाऱ्यांनी एक नियम ध्यानात घ्यावा. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित होता खरा, पण पगार आणि आस्थापना त्यातून करता येत नव्हती. म्हणजे निवारा केंद्राला सर्वांत जास्त गरज ज्या खर्चाची, नेमका तोच वगळलेला.

योजनेवर विसंबण्याचा धोका आता कल्पनेतला राहिलेला नाही. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्यानंतर, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयात बेघरांच्या निवाऱ्याविषयीचं ई. आर. कुमार प्रकरण न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यापुढे आलं. शहरी गरिबी निर्मूलनाचं नवं अभियान आखण्याचं काम अंतिम टप्प्यात आहे आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याचाही विचार होईल, असं केंद्र सरकारच्या वतीनं तिथे सांगण्यात आलं. खंडपीठानं विचारलं, ते लागू व्हायला किती काळ लागेल? न्यायालयाला विचारावा लागलेला हा प्रश्नच माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. दिल्लीत एक योजना संपून दुसरी सुरू होईपर्यंत जो काळ जातो, तो फायलीच्या हिशेबात थोडा असेल. पण सांगलीच्या बसस्थानकाबाहेर झोपणाऱ्या माणसाचा पावसाळा आणि हिवाळा त्यात निघून जातो.

न्यायालयाच्या आदेशांचाही एक धडा इथे आहे. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत अन्नाधिकाराच्या खटल्यातून जे आदेश निघाले, त्यांचा पुढे विस्तार झाला तो पाच लाखांवरच्या शहरांपुरता. तेव्हा हाताशी असलेल्या २००१ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड पाच लाखांच्या आत होतं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २ हजारांवर गेली आणि निकषानं पाच केंद्रं, पाचशे माणसांची सोय हे माप लागू झालं. सातारा शहराची २०११ ची लोकसंख्या १ लाख २० हजार. म्हणजे निदान एक पूर्ण क्षमतेचं केंद्र. कराड, फलटण, वाई, इस्लामपूर ही सगळी लाखाच्या आतली गावं, त्यामुळे या मापात ती धड बसतच नाहीत. पण उघड्यावर झोपणारा माणूस जनगणनेची उंबरठा-संख्या पाहून गाव निवडत नाही. कराडच्या मंडईत रात्री हमाली करणारा लाखाच्या निकषाबाहेर राहतो, हा दोष निकष दिल्लीत ठरण्याचा आहे. खर्च गावानं ठरवला तर मापही गावाला बेतून घेता येतं.

सांगलीकरांना हे पटवायला दूर जावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हजारो कुटुंबं रातोरात बेघर झाली आणि शाळा, मंगल कार्यालयं, मठ यांत निवारे उभे राहिले. जेवण पोचलं, डॉक्टर पोचले, पुढे पंचनामे झाले. पूरग्रस्त कुटुंबाला शहरी भागात १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. हे शक्य झालं, कारण आपत्तीच्या खर्चाला आधीपासून लेखाशीर्ष आहे, दर ठरलेले आहेत, सही कोणी करायची तेही ठरलेलं आहे. दहा दिवस बेघर झालेल्याची व्यवस्था आपल्याला उत्तम जमते. वर्षभर बेघर असलेल्याची जमत नाही, याचं कारण माणुसकीची कमतरता हे नव्हे. त्याच्यासाठी लेखाशीर्षच नाही, हे आहे. पंचनाम्याला घर लागतं. ज्याला घर नाही, त्याचं काय बुडालं याची नोंद करायला रकानाच नसतो.

पहिला आक्षेप अर्थातच पैशाचा. जकात गेली, एलबीटी गेला, पालिका शासनाच्या भरपाईवर चालतात, घरपट्टीची वसुली रखडते. यात नवा खर्च कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे, पण खर्चाचं माप न घेता केलेला आहे. सांगलीत निकषाप्रमाणे पाचशे माणसांची सोय करायची तर योजनेच्या दरानं वर्षाला ६० लाख लागतात. शहराच्या पाच लाख लोकांत वाटले तर माणशी वर्षाला १२ रुपये. तो दर अपुरा आहे हे वर दाखवलंच आहे; म्हणून दुप्पट धरू, तर २४ रुपये. साताऱ्यात शंभर माणसांसाठी योजनेच्या दरानं १२ लाख, म्हणजे माणशी १० रुपये. दुप्पट केले तर २०. हा भार पालिका मोडणारा नाही. तो फक्त दरवर्षी ठरवून उचलावा लागतो.

दुसरा आक्षेप असा, की सोय केली तर बाहेरगावची माणसं इथे येऊन राहतील आणि त्यांचा खर्च आपल्या करदात्यानं का सोसायचा? मिरजेकडे पाहून याचं उत्तर द्यावं लागतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे लोहमार्ग मिरज जंक्शनात मिळतात. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुग्णालय उभारलं, तेव्हापासून मिरज ही रुग्णांची पेठ आहे. माणसं इथे येतात ती गाडी बदलायला, उपचाराला, कामाला. काहींचे पैसे संपतात, काहींना नातेवाईक सोडून जातात, काही वाट चुकतात. निवारा केंद्रातली खाट हे इथे येण्याचं कारण नसतं. जंक्शनचा आणि रुग्णालयांचा व्यापार, भाडं आणि रोजगार शहराला मिळतो. त्याच वर्दळीत जो माणूस कोसळतो, तोही शहराच्याच हिशेबात धरायला हवा. शिवाय योजनेचा निकष लोकसंख्येवर होता, रहिवासाच्या दाखल्यावर नव्हता. आणि ते बरोबरच होतं, कारण ज्याच्याकडे पत्त्याचा पुरावा आहे त्याला बहुधा निवाऱ्याची गरज पडत नाही.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकू येतो. केंद्र उघडं आहे, पण माणसं येत नाहीत; खाटा रिकाम्या असतील तर तरतूद वाढवायची कशाला? रिकामी खाट हा गरज नसल्याचा पुरावा मानणं चूक आहे. पहाटे चारला मंडईत हमालीला पोचायचं असलेला माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपायला जात नाही. गाठोडं ठेवायला कुलपाची जागा नसेल, तर बाई येत नाही. नवरा-बायकोला वेगळं केलं, तर दोघंही येत नाहीत. मनोरुग्ण स्वतःहून कधीच येत नाही. त्याच्याशी चार रात्री बोलावं लागतं, पाचव्या रात्री तो उठतो. म्हणजे रात्री फिरून माणसं शोधणारा, आधार आणि रेशनकार्डाची खटपट करणारा, गावाकडे फोन लावून नातेवाईक शोधणारा कार्यकर्ता लागतो. आणि ३३ रुपयांच्या हिशेबात नेमका तोच बसत नाही. सांगलीत ‘सावली’सारखी केंद्रं सामाजिक संस्थेच्या हातून चालतात, तेव्हा हे काम संस्था अंगावर घेते. ‘मग संस्था आणि दातेच करतील की’, असं म्हणणारेही आहेत. दात्यांचा अनुभव सगळीकडे सारखाच आहे. वाढदिवसाला गोडाचं जेवण देणारा मिळतो, थंडीत ब्लँकेटं देणारे तर रांगेत असतात. रात्रपाळीच्या माणसाचा बारा महिने पगार देणारा दाता क्वचितच भेटतो. म्हणून दात्यांनी जेवण द्यावं आणि पालिकेनं पगार द्यावा, ही वाटणी स्वाभाविक आहे.

चौथा आक्षेप खात्यांचा. वृद्ध असेल तर समाजकल्याणाकडे, मनोरुग्ण असेल तर आरोग्याकडे, मूल असेल तर महिला व बालविकासाकडे. मग पालिकेनं काय करायचं? कायदे खरोखरच आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बेघर मनोरुग्णाला शासकीय रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क दिला आहे आणि भटकणाऱ्या मनोरुग्णाची जबाबदारी पोलिसांवरही टाकली आहे. पण रात्री अकराला यांतलं कुठलंही कार्यालय उघडं नसतं. सकाळपर्यंत त्या माणसाला कुठेतरी ठेवायचं असतं आणि ते कुठेतरी म्हणजे शहरच. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी गरिबी निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हे विषय नागरी संस्थांकडे दिलेले आहेत, तेही याचसाठी. खात्यांचा पैसा निवाऱ्याकडे वळवण्याची एक वाटही आहे. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. केंद्रातल्या ज्या रहिवाशांना प्रमाणपत्र मिळवून देता येईल, त्यांचा खर्च या निधीतून मागता येईल. मात्र प्रमाणपत्र मिळवून देणारा कार्यकर्ता आधी पगारावर असायला हवा. पहिला रुपया पालिकेचा पडला, तरच पुढचे चार रुपये हलतात.

हे जमतं, याचा दाखला दिल्लीनंच घालून दिला आहे. तिथे २०१० मध्ये कायद्यानं निवारा मंडळ स्थापन झालं आणि रैन बसेऱ्यांचा खर्च दिल्ली सरकारच्या अंदाजपत्रकातून होऊ लागला. त्यांच्या कारभारावर टीका भरपूर होते आणि व्हायलाही हवी. पण टीका करायला समोर एक जबाबदार कार्यालय आणि एक तरतूद असते. आपल्या दोन्ही शहरांत पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडलं जाईल, तेव्हा सदस्यांनी तीन गोष्टी मागाव्यात. निवाऱ्याला अनुदानापासून वेगळं, पालिकेच्या निधीतलं महसुली लेखाशीर्ष. संस्थेला खाटांच्या संख्येवर नव्हे, तर पाळ्या आणि रात्रीच्या फेऱ्या धरून ठरलेला दर, तोही दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. आणि वर्षाअखेर किती माणसं किती रात्री राहिली, किती घरी परतली, किती जणांची कागदपत्रं झाली, याचा जाहीर हिशेब. या तीन ओळी अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आल्या, तर मिरजेच्या वाचकाच्या प्रश्नाला साधं उत्तर देता येईल: खर्च शहर करतं आणि तो थांबवायचा असेल तर सभागृहात हात वर करून थांबवावा लागतो. पुढच्या आठवड्यात मात्र भिक्षा प्रतिबंध कायदाच. ज्या माणसाला झोपायला जागा देण्यासाठी आपण रुपये मोजतो आहोत, त्यालाच पकडून नेण्याची तरतूद त्याच राज्याच्या कायद्यात अजून का आहे, हे पाहायचं आहे.