विश्लेषण : स्टेरॉइडमुळे खुब्याचे हाड कसे निकामी होते?

करोनातून बरे झाल्यावर दोनेक महिन्यांतच खुब्यात कळा. २०२१ च्या जुलैत मुंबईत असे तीन रुग्ण चर्चेत आले. तिघेही चाळिशीच्या आतले, उपचार माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात. निदान होते ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने हाडाचा भाग मृत होणे. तिघांनाही करोनात स्टेरॉइड दिलेली होती.

हाड मरते म्हणजे काय?

हाड टणक असले तरी जिवंत असते. जुने झिजते, नवे तयार होते आणि त्यासाठी सतत रक्त लागते. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक खुब्याच्या खोबणीत फिरते. तिथे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बारीक आणि मोजक्याच. त्या बंद पडल्या की पर्यायी मार्ग जवळपास नसतो.

स्टेरॉइडच्या मोठ्या डोसमुळे हाडातील मज्जेत चरबीच्या पेशी वाढतात, फुगतात. हाडाचे कवच काही पसरत नाही. त्यामुळे आतला दाब वाढून वाहिन्या चेपल्या जातात. चरबीचे कण आणि गुठळ्याही त्यांत अडकू शकतात. मृत भाग लगेच ढासळत नाही. वजन पेलता पेलता काही महिन्यांनी खचतो.

किती डोस धोक्याचा?

प्रेडनिसोलोनचा एकूण डोस साधारण २००० मिलिग्रॅमपुढे गेला की धोका, असे मानले जात होते. मुंबईतील तिघांची सरासरी होती ७५८ मिलिग्रॅम! अर्थात, तीन रुग्णांवरून नियम ठरत नाही; करोनातही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. मात्र २००३ च्या सार्स साथीनंतर चीन आणि हाँगकाँगमध्येही असे रुग्ण आढळले होते.

मग स्टेरॉइड दिलीच का? ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू घटले. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सुमारे ४०० मिलिग्रॅम. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. तरीही दुसऱ्या लाटेत अशा अनेकांनी घरीच गोळ्या घेतल्या. गफलत झाली ती इथे.

लक्षणे कोणती?

जांघेत दुखणे, मांडी घालून बसता न येणे, लंगडणे. कळ कधी गुडघ्यातही जाणवते, त्यामुळे तपासणी भलत्याच सांध्याची होते. सुरुवातीला एक्स-रे सामान्य दिसू शकतो. एमआरआयमध्ये दोष सापडतो. लवकर कळले तर औषधे किंवा हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. गोल टोक खचल्यावर बहुतेकदा खुबा बदलावा लागतो.

दमा, संधिवात किंवा ल्युपससाठी स्टेरॉइड सुरू असलेल्यांनी हे वाचून गोळ्या परस्पर थांबवू नयेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद केल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू उतरवावा लागतो.