घर महागते की जमीन?

वापरलेली वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. सायकल घ्या, कपाट घ्या, शिवणयंत्र घ्या. दहा वर्षांनी विकायला काढले तर गिऱ्हाईक निम्मे पैसेही देत नाही. लंडनमधील राहत्या घरांना मात्र हा नियम लागू पडत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळी कारकून-कारागिरांसाठी बांधलेली साधी, एकमेकांना चिकटलेली विटांची घरे आज सव्वाशे वर्षांहून जुनी झाली आहेत. तरी ती घ्यायची तर चांगल्या पगाराचा डॉक्टरही विचारात पडतो. १९९७ साली तेथील मध्यम घराची किंमत मध्यम वार्षिक पगाराच्या सुमारे चौपट होती. पंचवीस वर्षांनी ती बारापटीच्या आसपास गेली. हे कशामुळे झाले?

विटा आणि गवंड्याची मजुरी महागली हे खरे. पण पगाराच्या मानाने त्या काही तिप्पट महागल्या नाहीत. महागली ती घराखालची जमीन.

ब्रिटनमध्ये १९४७ साली नगररचनेचा मोठा कायदा झाला. जमीन मालकाचीच राहिली. परंतु तीवर बांधकाम करण्याचा हक्क शासनाने आपल्या हाती घेतला. लंडनभोवती हरितपट्टा राखण्यात आला. तो आज सुमारे ५ लक्ष हेक्टरांचा, म्हणजे खुद्द लंडनच्या तिपटीहून मोठा आहे. शहर अस्ताव्यस्त पसरू नये हा त्यामागील हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की शेत म्हणून काही हजार पौंडांना मिळणारी एकरभर जमीन बांधकामाची परवानगी मिळताच लाखो पौंडांची होते. मालकाने त्यासाठी ना घाम गाळलेला असतो, ना पैसा घातलेला!

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परवानगीमुळे वाढलेली किंमत शंभर टक्के सरकारजमा व्हावी, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. ती अतिरेकाची ठरली. लाभच उरेना, तेव्हा मालक जमीन विकायला काढीनात. १९५१ साली सरकार बदलले आणि १९५३ च्या कायद्याने हा आकार रद्द झाला. बांधकामावरचा निर्बंध राहिला. समाजाचा वाटा तेवढा गेला.

याची झळ लागलीच का बसली नाही? एक तर १९३९ साली ८६ लक्ष असलेली लंडनची वस्ती उतरत जाऊन १९८१ मध्ये ६८ लक्षांवर आली. दुसरे, नगरसंस्थांनी भाड्याची घरे सपाट्याने बांधली. १९८१ च्या सुमारास तिथे दर तीन कुटुंबांपैकी एक अशा घरात राहत होते. पुढे हे दोन्ही आधार सुटले. १९८० च्या कायद्याने ही घरे भाडेकरूंना सवलतीत विकण्यास आरंभ झाला, आणि विकलेल्यांच्या जागी तितकी नवी उभी राहिली नाहीत. वस्ती पुन्हा वाढत २०२१ मध्ये ८८ लक्षांवर पोहोचली. त्यातच २००९ साली बँक ऑफ इंग्लंडने आपला व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला. कर्ज स्वस्त झाले की गिऱ्हाईक जास्त बोली लावते. जमीन मात्र तेवढीच राहते.

२०२१ च्या शिरगणतीत लंडनमधील ३० टक्के कुटुंबे खाजगी मालकांची भाडेकरू होती. रुग्णालयातील परिचारिका, बसचालक, शिक्षक यांची स्थिती पाहा. २०२२ साली शहराच्या पोटातून एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे सुरू झाली. तिच्या खर्चासाठी नव्या इमारतींवर आणि मोठ्या व्यापारी जागांवर अधिभार बसला. पण स्थानकाजवळच्या जुन्या घराची किंमत वाढली, तर ती वाढ सर्वस्वी घरमालकाची. भाडेकरू मात्र रेल्वेसाठी कर भरतो, आणि ती जवळ आली म्हणून वर वाढीव भाडेही भरतो.

तेव्हा केवळ बांधकामाला मोकळीक देऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि केवळ कर बसवूनही सुटत नाही. घरे पुरेशी बांधू द्यावीत, आणि सर्वांच्या पैशाने वाढलेल्या किमतीतला वाजवी भाग सर्वांकडे परत यावा, या दोन्ही गोष्टी एकदम केल्या पाहिजेत. १९४७ च्या कायद्याने दुसरी गोष्ट प्रमाणाबाहेर ओढली, एवढ्यावरून तिच्यामागील न्याय खोटा ठरत नाही.